व्हिसा मिळेल हो, पण तिकडे पोट कशावर भरणार?

डिसेंबर-जानेवारी म्हणजे बडोद्यात एनआरआय सीझन. लग्नं, मुंजी, वास्तुशांत सगळं तेव्हाच, आणि पंगतीत कुणाचा तरी न्यू जर्सीचा मावसभाऊ नाहीतर शारजाचा जावई शेजारी बसतो, तो जे सांगतो ते ऐकून लोक घरी जातात आणि मग आमच्याकडे पत्रं सुरू होतात. यंदा तर ढीग आलाय. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न, कुठल्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो. त्याचं उत्तर मी देणार नाही, अलकापुरीत आणि फतेगंजला दर दुसऱ्या कॉम्प्लेक्समध्ये ते देणारी दुकानं आहेत. मी आखातात बरीच वर्षं कंपन्यांची पगारपत्रकं केली, त्यामुळे माझी नजर आधी पगारावर जाते, मग भाड्यावर, मग काय उरतं त्यावर, व्हिसा त्यानंतर. नावं कुणाचीच छापत नाहीये, निर्धास्त राहा.

प्रश्न : काका नमस्कार. मी मकरपुरा जीआयडीसीत वेल्डर आहे, वय २७, नववीनंतर शाळा सुटली. पासपोर्टवर ईसीआर आलंय. एक एजंट म्हणतो अबुधाबीला शटडाऊनचं काम आहे, १८०० दिरहम पगार, खाणं-राहणं कंपनीचं. आधी व्हिजिट व्हिसावर जायचं, तिकडे गेल्यावर वर्क व्हिसा होतो म्हणे. दीड लाख मागतोय, अर्धे आत्ताच. आईच्या पाटल्या ठेवून पैसे उभे करीन म्हणतो. जाऊ का?

उत्तर : पाटल्या आईच्या हातात राहू देत. (अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.)

आधी ते ईसीआर, म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, समजून घे. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ते येतं, आणि अशा माणसाला १८ देशांत, त्यात अख्खं आखात आलं, नोकरीसाठी जायचं असेल तर आपल्या सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स लागते. १९८३ चा कायदा आहे हा. तुझा एजंट व्हिजिट व्हिसा व्हिजिट व्हिसा करतोय तो या क्लिअरन्सला बगल द्यायला. विमानतळावर इमिग्रेशनवाल्याला संशय आला तर तो तुला तिथूनच परत पाठवेल, पैसे गेले. आणि समजा पोचलास, तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तुझी नोंदच नाही, म्हणजे उद्या पगार थकला, हात भाजला, तर तू कामगार म्हणून तिथे गेला होतास हे दाखवायला कागद कुठला?

एक गोष्ट खरी, ती पण सांगतो नाहीतर एजंट म्हणेल काकांना काही माहीत नाही. व्हिजिटवर जाऊन तिकडे नोकरी शोधणं आणि मिळाली की स्टेटस बदलून घेणं हे युएईत चालतं, पुष्कळ शिकलेली मुलं करतात. पण परमिट हातात येण्याआधी काम करणं चालत नाही, आणि तुला तर पहिल्या दिवसापासून प्लांटवर उभं करणार. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने कायदा कडक केला, परमिटशिवाय माणूस कामाला लावला तर मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड. मालकाला. मग तपासणीची गाडी आली की तो तुला ओळख दाखवेल का, तूच विचार कर.

आता पैशाचं बघू. शटडाऊन म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको, कोयलीच्या रिफायनरीत शटडाऊन केलेली माणसं तुझ्या ओळखीत असतीलच, प्लांट दुरुस्तीसाठी बंद, महिना-दोन महिने मर मर काम आणि मग सगळे घरी. काम तीन महिने चाललं धर. १८०० मधले ३०० फोन, साबण, चहात गेले, उरले १५००, तीन महिन्यांचे ४५००. दिरहम २३ रुपये धरला तर झाले १ लाख ३ हजार ५००. आणि तू दिलेस दीड लाख, वर पाटल्यांवरचं व्याज. म्हणजे तिकडे उन्हात वेल्डिंग करून तू घरी तोटा घेऊन येणार!

नोंदणी असलेल्या एजंटला तुझ्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, पावती देऊन. दीड लाख म्हणजे पाचपट झाले. शिवाय युएईच्या कायद्यात भरतीचा खर्च मालकाचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही असं स्पष्ट आहे. एजंटचा रजिस्ट्रेशन नंबर माग, ई-मायग्रेटवर टाकून बघ, नंबर विचारल्यावर तो चिडला तर तेच तुझं उत्तर. सरळ मार्गाने गेलास तर प्रवासी भारतीय बिमा योजना होते, दोन वर्षांचे २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. २७५ रुपये, आपल्याकडे एवढ्यात चार जणांचा सेव-उसळ पण धड होत नाही.

ऑफर लेटर अरबी-इंग्रजीच्या जोडीला हिंदीत पण मिळतं, तेच माग, सही करायच्या आधी. त्यात बघायचं ते हे, की १८०० हा बेसिक आहे का सगळं मिळून. पुष्कळदा बेसिक ९०० आणि बाकी भत्ते असतात, आणि ओव्हरटाइम बेसिकवर, ग्रॅच्युइटी पण बेसिकवर, वर्ष पूर्ण झालं की दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक. आठवड्याला ४८ तास, त्यावर काम केलं तर किमान २५ टक्के जादा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायचं नाही असा नियम आहे. पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही हा पण नियमच आहे, घेतात तरी. आणि कुणी "आझाद व्हिसा" म्हणाला, म्हणजे नावाला एक कफील, व्हिसा काढून देणारा मालक, आणि काम कुठेही कर, तर तिथून उठून ये.

तुझ्या जागी मी असतो तर दोन कामं केली असती. ६जी ची, म्हणजे पाइप वेल्डिंगची, टेस्ट पास व्हायची, पाइप वेल्डरला पैसा तिथे आहे. आणि एनआयओएस मधून, म्हणजे ओपन स्कूलमधून, दहावी काढायची, मग पासपोर्टवरचं ईसीआरच काढून घेता येतं. वेळ जाईल, जाऊ दे.

प्रश्न : मुलीकडे शारजाला चाललेय, बाळंतपणाला. डिंकाचे लाडू, अळीव, गोडा मसाला नेऊ ना? सून म्हणते तिकडे सगळं मिळतं, काही नेऊ नका.

उत्तर : न्या हो, पण लाडवात खसखस घातली असेल तर ते लाडू इथेच वाटून टाका. थट्टा नाही ताई, युएईत खसखस ही अमली पदार्थात मोडते, नुसती पुडीसुद्धा, लोक अडकलेत त्यात. गोड्या मसाल्यात पण बऱ्याच घरी भाजून घालतात, विकतच्या पाकिटावर मागे वाचा. दगडफूल, नागकेशर, खोबरं बिनधास्त न्या. औषधांचं पण बघा, कोडीनवाली खोकल्याची बाटली किंवा दुखण्यावरची ट्रामाडॉल बॅगेत टाकू नका, रोजच्या गोळ्या चिठ्ठीसकट आणि मूळ पाकिटात. सून म्हणते ते बरोबर आहे, मिळतं सगळं, पण आईच्या हातचे लाडू मिळत नाहीत हे तिला तुम्हीच सांगा, मी मधे पडत नाही.

प्रश्न : मांजलपूरहून लिहितेय. मुलगा एमएस युनिव्हर्सिटीचा मेकॅनिकल इंजिनियर, २५ वर्षांचा, दोन वर्षं इथे कंपनीत आहे. कन्सल्टंट म्हणतो जर्मनीची चान्सेनकार्टची फाइल टाका, पॉइंट भरतात, काम गॅरंटीड, फी साडेतीन लाख. यांचं म्हणणं पीएफ काढून देऊ. मुलाला जर्मन अजिबात येत नाही, कन्सल्टंट म्हणतो गरज नाही. काय करावं?

उत्तर : कन्सल्टंट अर्धं खरं बोलतोय आणि अर्धं खरं फार महाग पडतं.

चान्सेनकार्ट १ जून २०२४ पासून सुरू झालं. नोकरी शोधायला एक वर्षापर्यंत जर्मनीत राहू देतात, त्या काळात आठवड्याला २० तास पार्टटाइम करता येतं. किमान ६ पॉइंट लागतात. तुमच्या मुलाचे मी मांडून बघितले, वय ३५ च्या आत म्हणून २, पाच वर्षांत दोन वर्षं शिक्षणाशी जुळणारं काम म्हणून २, इंजिनियरची टंचाई आहे म्हणून १, इंग्रजी सी१ लेव्हलचं असेल तर १ (भाषेच्या लेव्हल ए१ पासून चढत सी२ पर्यंत). झाले सहा. म्हणजे फाइल टाकायला जर्मन लागत नाही हे बरोबरच आहे. आणि त्याची डिग्री तिकडे पूर्ण मान्य होत असेल तर पॉइंटचीही गरज नाही, अनाबिन नावाच्या त्यांच्या सरकारी साइटवर युनिव्हर्सिटी आणि कोर्स शोधायचा, फुकट आहे, संध्याकाळी चहा पिता पिता होईल. लेखी कागद हवा असेल तर २०८ युरो भरून तो जर्मनीतूनच मागवता येतो. व्हिसाची सरकारी फी ७५ युरो. आता साडेतीन लाख कसले ते कन्सल्टंटला कागदावर लिहून द्यायला सांगा.

पण ताई, फाइल पास होणं वेगळं आणि नोकरी लागणं वेगळं. तिकडे कारखान्यात मीटिंग जर्मनमध्ये, ड्रॉइंगवरच्या सूचना जर्मनमध्ये, फोरमन जर्मन बोलणार. आयटीवाल्यांचं इंग्रजीवर निभतं थोडंफार, मेकॅनिकलवाल्यांचं कठीण आहे. त्यात गाड्यांचा धंदा तिकडे सध्या मंद, फोक्सवागेनने डिसेंबर २०२४ मध्येच २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त जागा कमी करायचं कामगार संघटनेशी ठरवलं. म्हणजे अनुभवी जर्मन माणसं पण बाजारात उभी आहेत, आणि त्यांच्या रांगेत आपला मुलगा, ज्याला "गुटन टाग" च्या पुढे येत नाही.

आणि शोधायच्या वर्षात खाणार काय? त्याची सोय आधीच दाखवावी लागते, २०२५ च्या हिशोबाने महिन्याला १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये. पैसे आपलेच, दर महिन्याला थोडे थोडे मिळतात, पण नोकरी नाही लागली तर वर्षाच्या शेवटी ते संपलेले असतात. पीएफ यासाठी फोडायचा? यांना माझा नमस्कार सांगा आणि थांबवा.

माझं मत विचाराल तर नोकरी सोडायची नाही, इथेच राहून बी१ पर्यंत जर्मन करायचं, जमलं तर बी२, मॅक्सम्युलर भवनची परीक्षा द्यायची. एक-दीड वर्ष जाईल. तोवर अनुभव वाढतो. मग इथूनच अर्ज टाकायचे, थेट नोकरी मिळाली तर ब्लू कार्ड, म्हणजे डिग्रीवाल्यांचा कामाचा परवाना, त्याला टंचाईच्या कामांत २०२५ साली वर्षाला ४३,७५९ युरो ८० सेंट पगार लागत होता, हा आकडा दर वर्षी बदलतो. आकडा ऐकून लगेच गुणाकार करू नका, एकट्या माणसाच्या हातात टॅक्स आणि विमा कापून साधारण ६०-६५ टक्के येतात. घरमालक तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागतो, आणि बऱ्याच घरांत स्वयंपाकघराच्या नावाखाली चार भिंती आणि एक नळ असतो, ओटा-शेगडी आपण आणायची, हे कुणी आधी सांगत नाही. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, आनमेल्डुंग म्हणतात, ती झाल्याशिवाय पुढची बरीच कामं अडतात. पण ब्लू कार्डवाल्याला बी१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळू शकतो, ए१ वर २७ महिने. म्हणजे भाषा शिकलेली वाया जात नाही, कुठूनही बघा.

दुसरी वाट मास्टर्सची, सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र बाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो. पण ते त्याला शिकायचं असेल तर, नुसतं पोचायला म्हणून नको.

प्रश्न : मी आयसीयूत नर्स आहे, चार वर्षं झाली. यूकेसाठी एक एजन्सी तीन वर्षांचा बाँड करायला सांगते, मधे सोडलं तर पाच लाख, आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्याकडे. बाँड करणं चुकीचं आहे का?

उत्तर : बाँड म्हणजे लगेच पाप नाही. आपल्याच गावचं उदाहरण घ्या, १९१३ साली सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर १० वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी, असा करार होता. १९१७ ला ते आले, नोकरी होती, हुद्दा होता, पण जातीमुळे या शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि त्यांना जावं लागलं. कमाटी बागेतली संकल्पभूमी त्याचीच आठवण. तेव्हा करारात पगार बघतो तसंच राहायची सोय कुणाची, किती दिवसांची, तेही लिहून घ्यायचं. नर्सना पहिला महिना सर्वात जास्त याचाच त्रास होतो.

आता तुमचा बाँड. ओरिजिनल कुणालाही द्यायची नाहीत, नोटराइज्ड कॉपी द्या, विषय संपला. यूकेत नोकरी लावून देण्याची फी उमेदवाराकडून घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि परदेशातून आरोग्यसेवेत भरती करण्याची जी सरकारी नियमावली आहे त्यात वसुलीची रक्कम खऱ्या खर्चाएवढी आणि काळाप्रमाणे कमी होत जाणारी हवी. ३५ महिने काम करून सोडलं तरी पाच लाख, असं असेल तर ती वसुली नाही, खंडणी आहे. खरा खर्च किती, तर रजिस्ट्रेशनची कॉम्प्युटरवरची परीक्षा सीबीटी ८३ पौंड, तिकडे गेल्यावर प्रॅक्टिकल परीक्षा ओएससीई ७९४ पौंड, तिकीट, व्हिसा. एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, बरेच ट्रस्ट हे स्वतः भरतात, तेव्हा थेट त्यांच्याकडे अर्ज करून बघा, आयेल्ट्सला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेला, ७ बँड हवेत, रायटिंगला साडेसहा चालतात. आणि कागदावर पद नर्स आहे का केअर वर्कर ते डोळे फाडून वाचा, केअर वर्करची बाहेरून भरती २२ जुलै २०२५ पासून बंद झालीये तरी त्या नावाने पैसे गोळा करणारे फिरतायत.

प्रश्न : नवरा टोरांटोला वर्क परमिटवर आहे, मी रावपुऱ्यातल्या शाळेत १२ वर्षं शिकवतेय. तो म्हणतो ये, तुला पण काम मिळेल. मला भीती वाटते की तिकडे जाऊन मी नुसती पोळ्या लाटणार. शिक्षिका म्हणून काही होईल का?

उत्तर : लगेच शिक्षिका म्हणून नाही, आधीच सांगतो. पण पोळ्याच लाटाव्या लागतील असंही नाही.

पहिलं, तुम्हाला काम करायची परवानगी मिळते का ते बघा, कारण "बायकोला ओपन वर्क परमिट आपोआप" हे जुनं झालं. २१ जानेवारी २०२५ पासून नवरा टीअर ० किंवा १ च्या (म्हणजे त्यांच्या वर्गवारीत वरच्या पातळीच्या) कामात असेल, किंवा २-३ मधल्या ठरावीक कामांत, आणि त्याच्या परमिटला किमान १६ महिने शिल्लक असतील, तरच. त्याला म्हणावं तुझा एनओसी कोड, म्हणजे तिकडे तुझ्या कामाला दिलेला नंबर, काय आहे तो पाठव. गोदामात किंवा दुकानात असेल तर बहुधा नाही मिळणार, आणि मग तुमची १२ वर्षांची नोकरी सोडून एका पगारावर टोरांटोचं भाडं, हा हिशोब दोघांनी बसून करा. प्रेम आहे ते ठीक आहे, भाडं पहिल्या तारखेला जातं.

दुसरं, आणि हे शिक्षिकांनी खास लक्षात ठेवायचं, इमिग्रेशनची मेडिकल न करता परमिट घेतलं तर त्यावर शेरा येतो की शाळा, बालसंगोपन, आरोग्यसेवेत काम करता येणार नाही. म्हणजे जे तुम्हाला येतं नेमकं तेच बंद. तेव्हा पॅनेल डॉक्टरकडे, म्हणजे कॅनडाने मान्य केलेल्या डॉक्टरकडे, मेडिकल आधीच करून घ्या, पैसे जातात तर जाऊ देत.

ओंटारियोत सरकारी शाळेत शिकवायचं तर ओंटारियो कॉलेज ऑफ टीचर्सचं लायसन्स लागतं, बीएडची तपासणी होते, आणि ट्रान्सक्रिप्ट युनिव्हर्सिटीकडून थेट जावी लागते. ते काम इथे असतानाच सुरू करा, तिकडून युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर भावाला पाठवत बसण्यात निम्मं आयुष्य जातं. तोवर शाळेत लंच सुपरवायझर, डे-केअरला असिस्टंट, सप्लाय स्टाफ अशी कामं असतात, पगार किमान वेतनाच्या आसपास, ओंटारियोत १ ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १७ डॉलर ६० सेंट. पद छोटं वाटेल. इथे वर्गात शिरल्यावर ५० मुलं उभी राहतात आणि तिकडे आपण डबे उघडून द्यायचे, हे पचायला वेळ लागतो, लागू द्या, पण शाळेच्या आतला तो अनुभव पुढे लायसन्स आल्यावर उपयोगी पडतो. टोरांटोत मराठी भाषिक मंडळ आहे, तिथे बायका एकमेकींना कामं सांगतात, नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुपपेक्षा जास्त कामाची माहिती तिथे मिळते असा माझा अनुभव.

इथली नोकरी सोडू नका, आधी बिनपगारी रजा मिळते का विचारा. संस्थाचालक कुरकुर करतील, करू देत.

प्रश्न : धाकटा भाऊ दोन वर्षांपासून दुबईला. त्याचं इथलं सेव्हिंग खातं तसंच चालू आहे, आणि पैसे तो माझ्या खात्यात टाकतो, मी एफडी करतो. वाघोडियाकडे शेतजमीन घ्यायचा पण विचार आहे त्याच्या नावे. काही अडचण?

उत्तर : तीन अडचणी आहेत.

तो अनिवासी झाला की साधं सेव्हिंग खातं ठेवायचं नसतं, बँकेत सांगून एनआरओ, म्हणजे एनआरआयचं इथल्या उत्पन्नाचं खातं, करून घ्यायचं. परदेशी कमाईसाठी नवीन एनआरई खातं काढायचं आणि तिकडची कमाई त्यात, त्यावरचं व्याज इथे टॅक्स फ्री, पैसे परत न्यायला पण मोकळे. एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के टीडीएस आणि वर सेस कापतात, तिथे इथलं भाडं-बिडं येऊ द्या.

तुमच्या खात्यात भावाने टाकलेले पैसे भेट म्हणून टॅक्समध्ये येत नाहीत, भाऊ नातेवाईकच आहे, पण एफडी तुमच्या नावे तर व्याज तुमच्या उत्पन्नात, टॅक्स तुम्ही भरणार. आणि उद्या दोघांच्या बायका आल्या की कुठली एफडी कुणाची यावरून जे होतं ते मी पुष्कळ घरांत बघितलंय, कागद नाही तर पुरावा नाही. आजच वेगळं करा.

शेतजमीन विसरा, एनआरआयला शेती आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारशाने आली तर गोष्ट वेगळी. फ्लॅट, दुकान घेता येतं. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येईल, नवीन उघडता येत नाही.

प्रश्न : टेलिग्रामवर थायलंडची डेटा एन्ट्रीची नोकरी आलीये, पगार ९० हजार, तिकीट ते देणार, व्हिसा पण लागत नाही म्हणतात. इंटरव्ह्यू चॅटवरच झाला. मित्र आणि मी दोघं निघतोय.

उत्तर : निघू नका. बँकॉकला उतरवून गाडीत घालून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये म्यावाडीला नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि लोकांना ऑनलाइन फसवायच्या कामाला बसवतात, नाही म्हटलं तर मारहाण. आपल्या परराष्ट्र खात्याने कितीदा इशारे दिलेत, मार्च २०२५ मध्ये तर हवाई दलाची विमानं पाठवून मुलं परत आणावी लागली. व्हिसा लागत नाही तो फिरायला, काम करायला वर्क परमिट लागतंच. आणि डेटा एन्ट्रीला ९० हजार आणि वर तिकीट कोण देतं रे, तेही चेहरा न बघता? सगळे मेसेज, नंबर, तिकीट जपून ठेवा, डिलीट करू नका, मित्राच्या आईवडिलांना आजच सांगा. प्रोसेसिंगच्या नावाने काही भरलं असेल तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, जितका लवकर लावाल तितकी पैसे मधे अडवले जाण्याची शक्यता जास्त.